हा पत्ता कोणाचा?

तारेला आयपी पत्ता कळत नाही. ऑफिसात आपण प्रिंट काढायची आज्ञा देतो तेव्हा कॉम्प्युटरला प्रिंटरचा आयपी पत्ता ठाऊक असतो, समजा १९२.१६८.१.५०. पण प्रिंटरच्या पोटात बसलेलं नेटवर्क कार्ड त्या पत्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तारेवरून आलेल्या प्रत्येक फ्रेमचे, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्याचे, पहिले सहा बाइट ते वाचतं, आणि तिथे कारखान्यात त्याला मिळालेला क्रमांक किंवा सगळ्यांसाठीचा खास पत्ता असेल तरच फ्रेम आत घेतं. नाहीतर सोडून देतं. कारखान्यातला हा क्रमांक म्हणजे हार्डवेअरचा पत्ता. रोजच्या बोलण्यात त्याला मॅक पत्ता म्हणतात.

त्यामुळे आज्ञा मिळाल्यावर, मजकुराचा एकही बाइट बाहेर पडण्याआधी, कॉम्प्युटरला एक गोष्ट शोधून काढावी लागते: १९२.१६८.१.५० हा आयपी पत्ता सध्या कुठल्या मॅक पत्त्याकडे आहे? याची नोंद ठेवणारं कार्यालय नेटवर्कवर नसतं, आणि कोणी आधी यादी भरून ठेवलेली नसते. तरीही उत्तर बहुधा मिलिसेकंदाच्या आत मिळतं. ते ज्या पद्धतीने मिळतं तिला ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल म्हणतात, आणि नेटवर्कची कामं करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तिचं नाव एआरपी असं आहे. ती नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहिली गेली आणि मुळात आजही तशीच चालते. तिच्यातल्या एका नियमामुळे ती झटपट काम करते, आणि त्याच नियमामुळे तिला फसवणंही सोपं जातं. हे दोन्ही एकत्र कसं आलं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

पण एका यंत्राला दोन पत्ते हवेत कशाला?

या फ्रेम ज्या तारेवरून जातात त्या इथरनेटचा जन्म कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी, झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात झाला. बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती तारेवर उतरवली. त्या पहिल्या इथरनेटचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता आणि पत्ता फक्त ८ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त २५६ क्रमांक. झेरॉक्सच्या तेव्हाच्या पप या प्रोटोकॉलमध्ये यंत्राचा नेटवर्कमधला क्रमांक आणि कार्डाचा क्रमांक एकच असे. एक कळला की दुसरा कळलाच. शोधण्यासारखं काही उरतच नव्हतं.

ही सोय १९८० मध्ये संपली. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी ३० सप्टेंबर १९८० रोजी इथरनेटचं सामायिक मानक जाहीर केलं. वेग १० मेगाबिट झाला आणि पत्ता एकदम ४८ बिटांचा. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून अधिक क्रमांक मावतात. ज्या काळात एका तारेवर शंभर यंत्रं म्हणजे मोठं नेटवर्क समजलं जाई, त्या काळात एवढा लांबलचक पत्ता ठेवण्यामागचं कारण योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या एका निबंधात मांडलं. दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे १९७२ चे विद्युत अभियंते. पुढे ते स्टॅनफर्डला गेले, आणि डिसेंबर १९७४ मध्ये इंटरनेटच्या टीसीपी या प्रोटोकॉलचा पहिला तपशीलवार आराखडा व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर त्यांनीच लिहिला. इंटरनेटच्या पायाभरणीतलं हे नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते.

दलाल आणि प्रिंटिस यांचं म्हणणं असं होतं: क्रमांक यंत्र तयार होतानाच द्यावा, तो जगात एकमेव असावा आणि यंत्राबरोबर आयुष्यभर राहावा. मग कुठल्याही ऑफिसात क्रमांक वाटायला माणूस नेमावा लागणार नाही, आणि यंत्र एका नेटवर्कवरून उचलून दुसऱ्यावर लावलं तरी तिथल्या कोणाशी त्याचा क्रमांक जुळण्याची भीती राहणार नाही. म्हणून पत्त्याचे पहिले २४ बिट उत्पादकाच्या नावे आणि उरलेले २४ त्या उत्पादकाने आपल्या प्रत्येक कार्डाला द्यायचे, अशी वाटणी झाली. उत्पादकांना क्रमांकांचे गट वाटण्याचं काम सुरुवातीला झेरॉक्सने केलं. नंतर ते आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेलं आणि आजही तिच्याकडेच आहे.

इकडे इंटरनेटचा पत्ता मात्र सप्टेंबर १९८१ मध्ये ३२ बिटांचा ठरून गेला. ३२ बिटांत ४८ बिट मावत नाहीत, एवढं साधं गणित. शिवाय आयपी पत्ता यंत्र कुठल्या नेटवर्कवर आहे ते सांगतो, तर मॅक पत्ता ते कोणी बनवलं ते सांगतो. एकावरून दुसरा काढायला कुठलंही सूत्र नाही.

या पेचातून त्या काळच्या लोकांनी तीन वेगवेगळ्या वाटा काढल्या. झेरॉक्सने आपल्या नव्या एक्सएनएस प्रोटोकॉलचा पत्ताच लांब केला: ३२ बिट नेटवर्कचे आणि त्यापुढे कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक जसाच्या तसा. नॉव्हेल कंपनीच्या आयपीएक्स प्रोटोकॉलने हीच रीत उचलली, त्यामुळे नॉव्हेलच्या नेटवर्कवर मॅक पत्ता विचारण्याची वेळच येत नसे. डिजिटल कंपनीने डेकनेटच्या चौथ्या टप्प्यात बरोबर उलटं केलं. यंत्राचा नेटवर्कमधला क्रमांक घेतला, त्यावरून एक मॅक पत्ता बनवला आणि कार्डाला कारखान्यातला पत्ता विसरून हा नवा लावायला सांगितलं. तिसरी वाट इंटरनेटवाल्यांची. त्यांना ना आपला पत्ता वाढवता येत होता, ना दुसऱ्याचं कार्ड बदलता येत होतं. त्यांनी सरळ विचारायचं ठरवलं.

ही तिसरी वाट कागदावर उतरवली एमआयटीतल्या डेव्हिड प्लमर यांनी. तो कागद म्हणजे इंटरनेटच्या आरएफसी या दस्तऐवजमालेतला ८२६ वा, आरएफसी ८२६. एमआयटीच्या प्रयोगशाळेत तेव्हा एकाच प्रकारच्या तारेवर अनेक प्रोटोकॉल नांदू पाहत होते. इंटरनेटचा आयपी होता, झेरॉक्सचा पप होता, आणि तिथलाच घरचा केऑसनेट होता, ज्याचे पत्ते १६ बिटांचे. प्लमर यांनी म्हणून सगळ्यांना चालेल असा मसुदा केला. ज्यांच्याशी चर्चा करून तो तयार झाला त्यांचे त्यांनी आभार मानले आहेत, आणि त्यांत नोएल चिआपा व जेम्स कल्प यांच्याबरोबर योगेन दलाल यांचंही नाव आहे. ज्यांनी पत्ता लांब करण्याची बाजू मांडली, त्यांनीच त्यातून उभा राहिलेला प्रश्न सोडवायलाही हातभार लावला.

पद्धत समजायला मंगल कार्यालय आठवावं. जेवणावळी चालू असतात आणि माइकवरून आवाज येतो: अमुक नंबरच्या पांढऱ्या गाडीचे मालक कोण आहेत, त्यांनी कृपया गेटजवळ यावं. ऐकतात सगळे, उठतो एकच. गाडीचा नंबर ठाऊक आहे, माणूस ठाऊक नाही. म्हणून घोषणा सगळ्यांना ऐकवली जाते. एआरपी हेच करते. कॉम्प्युटर एक फ्रेम सोडतो, जिच्या पत्त्याच्या जागी ४८ च्या ४८ बिट एक असतात. सोळा अंकी (हेक्साडेसिमल) पद्धतीत तो पत्ता एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ असा दिसतो. हा पत्ता कोणाही एकाचा नाही, म्हणून तो सगळ्यांचा. नेटवर्कवरचं प्रत्येक कार्ड ती फ्रेम आत घेतं. आत प्रश्न असतो: १९२.१६८.१.५० कोणाकडे आहे? ज्याच्याकडे असेल तो उत्तर देतो, आणि उत्तर मात्र फक्त विचारणाऱ्याच्या नावे जातं.

हा प्रश्न तारेवर दिसतो कसा, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. एआरपीचा सगळा मजकूर २८ बाइटांचा. पहिले दोन बाइट हार्डवेअरचा प्रकार सांगतात. इथरनेटसाठी तिथे १ असतो. पुढचे दोन कुठल्या प्रोटोकॉलचा पत्ता शोधतोय ते सांगतात. मग एकेक बाइट दोन्ही पत्त्यांच्या लांबीसाठी: मॅकचे ६, आयपीचे ४. हे दोन बाइट खातरजमेसाठी आणि नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेले. आज तिथे जवळजवळ नेहमी ६ आणि ४ च दिसतात. त्यानंतरचे दोन बाइट हा प्रश्न आहे की उत्तर ते सांगतात, प्रश्नाला १ आणि उत्तराला २. शेवटी चार रकाने: विचारणाऱ्याचा मॅक, विचारणाऱ्याचा आयपी, हव्या असलेल्याचा मॅक, हव्या असलेल्याचा आयपी. प्रश्नात तिसऱ्या रकान्यात सहसा शून्यं भरलेली असतात, कारण तेवढंच तर शोधायचं असतं. इथरनेटची फ्रेम कमीत कमी ६४ बाइटांची लागते आणि एवढ्याशा मजकुराने ती भरत नाही, म्हणून मागे १८ निरर्थक बाइट जोडून ती पुरी केली जाते.

चारही रकाने पुन्हा पाहा. प्रश्न विचारणारा स्वतःचे दोन्ही पत्ते आधीच सांगून टाकतो. उत्तर परत पाठवायला त्याचा मॅक लागतोच, पण प्लमर यांनी याचा दुसराही उपयोग केला. प्रश्न मिळालेलं यंत्र, तो आपल्याचसाठी असेल तर, विचारणाऱ्याची जोडी स्वतःच्या तक्त्यात लिहून ठेवतं. कॉम्प्युटर प्रिंटरला काही पाठवणार असेल तर प्रिंटरही कॉम्प्युटरला काहीतरी कळवणारच. मग त्याने उलटा प्रश्न का विचारावा? एका प्रश्नोत्तरात दोघांचंही काम होतं. आणि प्रश्न आपल्यासाठी नसला, पण विचारणाऱ्याचा आयपी आपल्या तक्त्यात आधीपासून असला, तर त्याच्यापुढचा मॅक पत्ता ताजा करून घ्यायचा. हे करताना आलेला मजकूर प्रश्न आहे की उत्तर, हेसुद्धा आधी पाहायचं नाही. नोंद आधी, चौकशी नंतर. प्लमर यांनी हा क्रम जाणूनबुजून असा ठेवला होता. याकडे आपल्याला परत यायचं आहे.

दुसरा निर्णय असाच विचारपूर्वक घेतलेला आहे. प्रत्येक यंत्राने ठरावीक वेळाने आपला पत्ता आपणहून का पुकारू नये? प्लमर यांनी त्याचा हिशेब मांडला: एका तारेवर १०० यंत्रं आणि प्रत्येकाने दर १० मिनिटांनी एकदा पुकारा केला, तर दर ६ सेकंदांना एक फ्रेम. तार सहज पेलेल इतकंच ते आहे, पण उपयोग काय? बहुतेक यंत्रांना बहुतेक यंत्रांशी कधी बोलायचंच नसतं. म्हणून गरज पडेल तेव्हाच विचारायचं. मला या दस्तऐवजात हीच जागा सर्वांत आवडते. वायफळ बोलणं टाळण्याची ही शिस्त नसती, तर पुढे एकेका नेटवर्कवर हजारो यंत्रं आल्यावर ही पद्धत केव्हाच कोसळली असती.

विचारलेलं उत्तर कॉम्प्युटर तक्त्यात ठेवतो, पण कायमचं नाही. प्रिंटर बदलला, कार्ड जळून नवं बसवलं, तर जुनी नोंद चुकीची ठरते. नोंद किती काळ ताजी मानायची हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं आहे. सध्याच्या विंडोज आणि लिनक्समध्ये ती साधारण १५ ते ४५ सेकंदांत शिळी होते आणि पुढे वापरताना तिची पुन्हा खात्री केली जाते. सिस्कोच्या राउटरांवर मात्र ती ठरवून दिलेली चार तास टिकते. याच राउटरांवर नव्या यंत्राला पिंग करणाऱ्यांनी, म्हणजे ते उत्तर देतं का हे पाहणारी पॅकेटं पाठवणाऱ्यांनी, एक गमतीचं दृश्य हमखास पाहिलेलं असतं. पाच पिंगांच्या जागी पडद्यावर आधी एक टिंब उमटतं आणि मग चार उद्गारचिन्हं: ८० टक्के यश. नवशिके तार तपासायला धावतात. तारेत काहीच बिघडलेलं नसतं. पहिलं पॅकेट आलं तेव्हा पत्ता ठाऊक नव्हता, राउटरने ते टाकून दिलं आणि एआरपीचा प्रश्न सोडला. दुसऱ्या पॅकेटपर्यंत उत्तर आलेलं होतं. घरातले कॉम्प्युटर बहुधा पॅकेट थोडा वेळ थोपवून धरतात, म्हणून आपल्याला हे जाणवत नाही.

उत्तर आलंच नाही तर? तेव्हा विंडोज ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं छापतं, आणि त्याच ओळीत हे कोण सांगतंय त्याचा आयपी असतो. तो नीट वाचावा. तो आपल्याच यंत्राचा असेल तर अर्थ सरळ आहे: मी पुकारलं, कोणीच बोललं नाही. यंत्र बंद आहे, तार निघाली आहे किंवा आयपी चुकला आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा समोरचं यंत्र जिवंत असून त्याच्या फायरवॉलने पिंग अडवलेलं असू शकतं. अशा वेळी एआरपीचा तक्ता उघडून पाहावा. पिंगला न बोलणारं यंत्रसुद्धा एआरपीला बहुधा उत्तर देतं, कारण तेवढंही बोललं नाही तर त्याला नेटवर्कवर काहीच करता येणार नाही. स्थानिक नेटवर्क तपासणारी एनमॅपसारखी साधनं म्हणूनच आधी एआरपीने हाक मारतात.

हाकेची पोच किती? फक्त आपल्या स्थानिक नेटवर्कपुरती. राउटर अशी फ्रेम पलीकडे जाऊ देत नाही. मग दूरच्या एखाद्या सर्व्हरचा मॅक पत्ता कसा मिळतो? मिळतच नाही, आणि लागतही नाही. कॉम्प्युटर सबनेट मास्क, म्हणजे आयपी पत्त्यातला नेटवर्कचा भाग दाखवणारा आकडा, लावून पाहतो की समोरचा आयपी आपल्याच नेटवर्कातला आहे की बाहेरचा. बाहेरचा असेल तर तो सर्व्हरबद्दल विचारत बसत नाही, राउटरचा मॅक विचारतो आणि पॅकेट त्याच्या हवाली करतो. राउटर ते पुढच्याच्या हवाली करतो. पॅकेटवरचा शेवटच्या मुक्कामाचा आयपी तोच राहतो, पण प्रत्येक टप्प्यावर बाहेरची फ्रेम नवी चढते आणि तिच्यावरचे मॅक पत्ते बदलतात. वेबसाइटवाल्यांना आपला मॅक पत्ता दिसतो, अशी भीती अनेकांना असते. आयपी पॅकेटाबरोबर तो आपल्या राउटरपलीकडे जात नाही.

एकाच नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या स्विचचं काम यापासून वेगळं आहे. स्विचच्या नोंदी आणि एआरपीचा तक्ता यांची गल्लत फार होते. कुठला मॅक आपल्या कुठल्या पोर्टवर आहे एवढंच स्विच लक्षात ठेवतो, तेही आलेल्या फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बघून. साध्या स्विचला आयपीशी देणंघेणं नसतं.

कधी कधी यंत्र कोणी न विचारताही आपला पत्ता पुकारतं, आणि त्याला कारण असतं. नवा आयपी घेण्याआधी यंत्र त्याच आयपीबद्दल प्रश्न सोडतं आणि पाठवणाऱ्याच्या आयपीच्या रकान्यात मुद्दाम ०.०.०.० लिहितं, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या तक्त्यात चुकीचं काही जाऊ नये. कोणी उत्तर दिलं तर तो आयपी आधीच वापरात आहे, मागे फिरायचं. ही रीत ॲपलच्या स्टुअर्ट चेशायर यांनी २००८ मध्ये आरएफसी ५२२७ मध्ये नेमकी करून दिली. दुसरा प्रसंग जोडराउटरांचा. मोठ्या ठिकाणी दोन राउटर एकाच आयपीची जबाबदारी वाटून घेतात. एक चालू, दुसरा तयारीत. पहिला बंद पडला की दुसरा लगेच पुकारतो: हा आयपी आता इकडे आहे. ऐकणारे आपापली नोंद बदलतात आणि लोकांचं काम थांबत नाही. न विचारता दिलेल्या अशा पुकाऱ्यावर हजारो ठिकाणची अखंड सेवा उभी आहे.

आता नोंद आधी, चौकशी नंतर या नियमाकडे परत येऊ. पुकारणारा खरं बोलतोय हे ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं? आरएफसी ८२६ मध्ये याची सोय नाही. सही नाही, खूण नाही, कुठलीही पडताळणी नाही. एमआयटीच्या तारेवर जी यंत्रं होती ती एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांची होती. खोटं बोलण्याचं कारण कोणाला नव्हतं. हॉटेलात, विमानतळावर, वसतिगृहात अनोळखी माणसं एकाच नेटवर्कवर येऊ लागली तेव्हा हे चित्र पालटलं, प्रोटोकॉल मात्र तोच राहिला.

फसवणूक कशी होते ते पाहा. एका नेटवर्कवर राउटर आहे, आपला लॅपटॉप आहे आणि तिसरं एक यंत्र आहे. तिसरं यंत्र लॅपटॉपला उत्तर पाठवतं, जे लॅपटॉपने मागितलेलंच नाही: राउटरचा आयपी माझ्याकडे आहे. लगेच राउटरला कळवतं: लॅपटॉपचा आयपी माझ्याकडे आहे. दोघांच्याही तक्त्यात दुसऱ्याची नोंद आधीपासून आहे, म्हणून दोघंही नियमाप्रमाणे ती ताजी करून घेतात. इथून पुढे लॅपटॉपचं प्रत्येक पॅकेट तिसऱ्याकडून जातं आणि प्रत्येक उत्तर तिसऱ्याकडून येतं. तो ते पुढे ढकलत राहिला तर कोणाला पत्ताही लागत नाही. नोंदी पुन्हा खऱ्या होऊ नयेत म्हणून तो दर काही सेकंदांनी तेच खोटं परत पुकारतो.

स्विच आल्यामुळे दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकता येत नाही, असा समज एके काळी पक्का होता, कारण स्विच फ्रेम ज्याची त्यालाच देतो. २००० च्या सुमारास डग साँग यांच्या डीस्निफ या साधनसंचाने तो समज मोडला. त्यातला एक छोटा प्रोग्राम एवढंच करायचा: खोटी एआरपी उत्तरं पाठवायची. स्विचला फसवण्याची गरजच पडत नव्हती. दोन्ही टोकांची यंत्रं स्वतःहून चुकीच्या मॅकवर फ्रेम लिहीत होती आणि स्विच त्या इमानाने पोचवत होता.

यावर उपाय निघाले, पण एआरपीच्या आत नाही, तिच्याभोवती. कंपन्यांतल्या चांगल्या स्विचमध्ये अशी सोय असते की आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीचे व्यवहार स्विच पाहतो, कुठल्या पोर्टवरच्या कुठल्या मॅकला कुठला आयपी मिळाला ते टिपतो, आणि त्याच्याशी न जुळणारं एआरपी उत्तर तिथेच अडवतो. सार्वजनिक वाय-फायवर पाहुण्यांची यंत्रं एकमेकांशी बोलूच नयेत अशी व्यवस्था करता येते. आणि सर्वांत मोठा उपाय वरच्या थरावर झाला: संकेतबद्ध एचटीटीपीएस आता जवळजवळ सगळीकडे आहे, त्यामुळे मधल्या माणसाच्या हाती पॅकेट लागली तरी आतला मजकूर लागत नाही. तरी आपण कुठल्या साइटकडे जातोय याचा अंदाज त्याला येतो आणि मनात आलं की तो आपलं इंटरनेट तोडू शकतो.

प्लमर यांनी १९८२ मध्येच पडताळणी का घातली नाही, असं विचारणारे भेटतात. माझ्या मते त्यांचा निर्णय बरोबर होता. पडताळणीसाठी प्रत्येक यंत्रात आधी गुप्त किल्ली पोचवावी लागते. म्हणजे ज्या कटकटीतून सुटण्यासाठी कारखान्यातले क्रमांक आणि पुकारा आणला, तीच दुसऱ्या दाराने आत येते. याचा पुरावाही आहे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एआरपी नाही. तिच्या जागी नेबर डिस्कव्हरी ही पद्धत आहे. २००५ मध्ये तिच्यासाठी सेंड नावाचा सह्यांचा प्रोटोकॉल तयार झाला. तांत्रिकदृष्ट्या तो नेटका आहे, आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ कोणीच वापरत नाही.

नेबर डिस्कव्हरीत एक सुधारणा मात्र खरोखर चांगली झाली. तिथे सगळ्यांना हाक मारली जात नाही. हव्या असलेल्या पत्त्याच्या शेवटच्या २४ बिटांवरून एक गट ठरतो आणि हाक त्या गटालाच जाते. असे १,६७,७७,२१६ गट होऊ शकतात, त्यामुळे व्यवहारात ज्याला हाक आहे तोच जागा होतो, बाकीची कार्डं ती वरच्या वर सोडून देतात. या गटांचे मॅक पत्ते ३३:३३ ने सुरू होतात. झेरॉक्स पार्कचा टपालाचा पत्ता ३३३३, कायोटी हिल रोड, पालो आल्टो असा होता, आणि इंटरनेटच्या मानकांत या साधर्म्याची नोंद करून ठेवली आहे.

दलाल-प्रिंटिस यांचं एक गृहीतक मात्र अलीकडे सुटलं: क्रमांक यंत्राबरोबर आयुष्यभर राहावा हे. तोच क्रमांक घेऊन फोन मॉलपासून स्टेशनपर्यंत फिरू लागला तेव्हा त्यावरून माणसाचा माग काढता येऊ लागला. म्हणून अँड्रॉइडने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून आणि ॲपलने २०२० मध्ये आयओएस १४ पासून प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट मॅक वापरायला सुरुवात केली. तो ओळखायचा कसा? पत्त्यातला डावीकडून दुसरा हेक्साडेसिमल अंक पाहा. तिथे २, ६, ए किंवा ई असेल तर तो क्रमांक कारखान्यातला नाही, यंत्राने स्वतः घेतलेला आहे. घरच्या राउटरवर ठरावीक मॅकलाच परवानगी देणाऱ्यांची यामुळे पंचाईत होते. तिथे फोनच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करावी.

हे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहायला काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. एआरपीची तीन इंग्रजी अक्षरं, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि ए टाइप करून एंटर दाबा. आयपी, मॅक आणि नोंदीचा प्रकार असे तीन रकाने येतील. ‘डायनॅमिक’ लिहिलेल्या ओळी म्हणजे विचारून मिळालेली उत्तरं, आणि त्यांत राउटरची ओळ बहुधा असेलच. तिचा मॅक लिहून ठेवा. खोट्या उत्तरांचा प्रयोग करायचाच असेल तर तो स्वतःच्या घरच्या नेटवर्कवरच करा. दुसऱ्याच्या नेटवर्कवर खोटी उत्तरं पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. बाहेरच्या वाय-फायवर असताना मात्र हा तक्ता जरूर उघडावा. राउटरचा मॅक आणखी एखाद्या अनोळखी आयपीपुढेही दिसत असेल, तर कारण शोधत बसू नका. आधी ते वाय-फाय सोडा आणि मोबाइलचा डेटा वापरा.